वाचनालयाच्या खिडकीतली हिंगाची डबी

अहो, इकडे! खाली, खिडकीच्या गजांपाशी! ती जुनी लोखंडी पाटी दिसतेय ना, तिच्या मागे! मी हिंगाची डबी बोलतेय. नाक मुरडू नका. हिंग कधीच संपला, वास तेवढा राहिलाय, आणि तो जावा असं मला मुळीच वाटत नाही.

पण सध्या माझ्या पोटात हिंग नाही, खजिना आहे. जगाच्या नकाशावर माझा ठिपका आहे! लालबागच्या एका चाळीतल्या, तळमजल्यावरच्या वाचनालयाच्या खिडकीत मी लपलेली आहे आणि लांबलांबून माणसं मला शोधायला येतात. खरं सांगा, तुमच्या मांडणीवरच्या एका तरी डबीला कुणी असं शोधत आलंय का?

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही सगळ्या एकाच साच्यातल्या, पांढऱ्या अंगाच्या आणि पिवळ्या झाकणाच्या. पोटात हिंग भरला, झाकण घट्ट बसलं आणि मी थेट लालबागच्या मसाल्याच्या बाजारात येऊन पडले. तिथे मला गंगुबाईंनी उचललं. त्यांनी मला कानाशी धरून हलवलं, झाकणावरूनच वास घेतला, दुकानदाराकडे संशयानं पाहिलं आणि मग पिशवीत टाकलं. पारख म्हणतात ती ही!

गंगुबाई मूळच्या देवगडकडच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या त्या या चाळीतच. त्यांच्या फोडणीत मी रोज असायचे. हिंग संपला तेव्हा मला वाटलं, चला, आता कचऱ्याची गाडी. पण त्या घरात रिकामा डबा कधी टाकत नाहीत. त्याला काहीतरी काम लागेपर्यंत तो धुऊन पालथा घालून ठेवतात. मलाही काम लागलं. माझ्यात शर्टाची बटणं, हुक आणि सेफ्टी पिना येऊन बसल्या. काम मानाचं होतं, पण कंटाळवाणं. कुणाचं बटण तुटेल तेव्हाच माझी आठवण. त्यात गंगुबाईंचे यजमान, म्हणजे गुणाजी आजोबा, शर्टाला इतके जपतात की त्यांचं बटण तुटतच नाही.

माझं नशीब उघडलं ते श्रेयामुळे. श्रेया ही त्यांची नात. परळच्या एका काचेच्या उंच इमारतीत नोकरी करते. बोलते भरभर, चालते त्याहून भरभर. तिला एक भलताच नाद आहे. जगभर काही माणसं डबे लपवतात आणि काही माणसं ते शोधून काढतात, असा तो खेळ. लपवणारा डब्याची जागा आकड्यांत लिहून खेळाच्या संकेतस्थळावर टाकतो. ते आकडे फोनमध्ये घातले की फोन बाण दाखवत तुम्हाला तिथवर नेतो. डबा सापडला की आतल्या कागदाच्या पट्टीवर आपलं नाव लिहायचं आणि तो जागच्या जागी ठेवून द्यायचा. बक्षीस वगैरे काही नाही. तरी मोठीमोठी माणसं त्यासाठी झुडपांत शिरतात, पुलाखाली वाकतात, आणि कुणी जवळून गेलं की चपलेचा पट्टा बांधायचं नाटक करतात. माणसांना काय आवडेल याचा काही नेम नाही!

काही डबे कोड्याचे असतात. त्यांचे आकडे पूर्ण दिलेले नसतात. आधी कोडं सोडवायचं, राहिलेले आकडे मिळवायचे, मगच शोधाशोध. मी कोड्याची डबी आहे. साधी नव्हे!

आता श्रेयानं हे कोडं का घातलं ते ऐका. सगळी गोष्ट तिथेच आहे.

या चाळीत कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी काढलेलं एक वाचनालय आहे. ती माणसं बोटीनं मुंबईला आली होती. त्या काळी रस्त्यापेक्षा बोट बरी. एकेका खोलीत एकेका गावची पंधरा-वीस माणसं, ट्रंकेला ट्रंक लावून राहायची. त्यांनी मंडळ काढलं, मंडळानं ही खोली मिळवली, आणि मग प्रत्येक बंदराकडच्या माणसांनी आपापल्या गावच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचं एकेक कपाट करवून बोटीतून आणलं. वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, हर्णै. सहा बंदरं, सहा कपाटं. प्रत्येकावर बंदराचं नाव आणि ते ज्या क्रमानं मंडळात आलं तो क्रमांक रंगवलेला. पुस्तक कशाबद्दलचं आहे हे इथे कुणी विचारत नाही. "मालवणात बघ," नाहीतर "ते विजयदुर्गात असेल," असंच बोलतात.

गुणाजी आजोबा गिरणीत होते आणि संध्याकाळी या वाचनालयात मोठ्यानं वाचून दाखवायचे. वाचता येणारे थोडे आणि ऐकणारे खोलीभर. बसायला जागा नसली की माणसं या माझ्या खिडकीत लटकून ऐकायची. वाचणाऱ्यासाठी एक कडक नियम होता. त्यानं पुढचं प्रकरण आधी वाचून ठेवायचं नाही. म्हणे पूर्वी एक वाचणारा सगळं आधीच वाचून यायचा, आणि खून कुणी केला ते त्याच्या तोंडावरच दिसायचं. कामगार भडकले. तेव्हापासून ठरलं, सगळ्यांना जे कळेल ते वाचणाऱ्यालाही त्याच वेळी कळलं पाहिजे.

गिरण्या गेल्या, माणसं पांगली, पण आजोबांनी वाचनालय उघडायचं सोडलं नाही. रोज दिवेलागणीला कुलूप काढायचं, कपाटं पुसायची, उदबत्ती लावायची आणि खुर्चीत बसायचं. कुणी येत नसे. हल्ली तर चाळीतलीसुद्धा माणसं दारावरून जाताना मान दुसरीकडे वळवायची, आत बोलावलं तर काय घ्या!

मंडळाचे अध्यक्ष भिवा. पन्नाशीचे गृहस्थ, मनानं वाईट नाहीत. दहीहंडीचं पथक तेच चालवतात. त्यांच्या पोरांना व्यायामाला जागा नाही, जिन्यात जोर मारतात. एक दिवस ते घरी आले आणि सरळच बोलले.

"काका, रागावू नका. खोलीत वर्षभर एक वाचक आला नाय. पोरांना व्यायामशाळा पायजे. रविवारच्या सभेत विषय ठेवतोय. पुस्तकं कुठल्या तरी शाळेला देऊन टाकू."

मी मांडणीवरून ऐकत होते. वाटलं, आता आजोबा चिडतील. पण ते शांतपणे म्हणाले, "तुझा बरोबर आसा रे भिवा. वाचणारो नाय तर कपाटां ठेवून करूचा काय?"

आणि नंतर ते जेवले नाहीत. गंगुबाईंनी दोनदा ताट वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं. श्रेया हे बघत उभी होती. तिला रडू येत होतं, पण ती रडणाऱ्यांतली नाही. ती तरातरा मांडणीपाशी आली, मला उचललं आणि बटणं एका वाटीत ओतली.

"आजी, ही डबी मी घेतेय."

"गो, बटणां सांडतीस! आणि ती डबी कित्याक?"

"रविवारच्या आत वाचनालयात माणसं आणायची आहेत."

"हिंगाच्या डबीत माणसां येतली?" गंगुबाईंनी विचारलं. त्यांचं चुकलं नव्हतं, मलाही तेच वाटलं.

श्रेयानं मला घासूनपुसून वाळवलं. खेळातले लोक खाण्याच्या डब्यांना नाकं मुरडतात, त्यांना उंदीर-मुंग्या लागतात म्हणे. पण हिंगाला कोण लागतंय! तिनं माझ्या अंगाला काळी चिकटपट्टी गुंडाळली, पाठीला लोहचुंबक लावलं, पोटात कागदाची पट्टी आणि बोटभर पेन्सिल ठेवली. मग कुणाचं लक्ष नाहीसं पाहून मला या खिडकीत, पाटीच्या मागे चिकटवलं. पाटी आणि गज यांच्यामध्ये फट आहे, तिच्यातून मला आतलं सगळं दिसतं. स्वयंपाकघरातून एकदम नाटकगृहात बढती!

आणि कोडं? तेही ऐका.

सहा जणी बोटीतून आल्या,
कपाळी बंदराचं नाव ल्याल्या,
पोटभर पानं, पण झाड नाही,
भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

उत्तर म्हणजे आमचं वाचनालय; कोड्याखाली 'लालबागची चाळ' एवढी खूण दिलेली. आत शिरून सहाही कपाटांचे क्रमांक दारापासून ओळीनं वाचायचे. तेच सहा आकडे जागेच्या आकड्यांतल्या रिकाम्या घरांत भरायचे. आणि त्यातली गंमत म्हणजे ते आकडे तुम्हाला फिरवून परत याच खिडकीशी आणतात! निघालात तिथेच पोचलात. श्रेयाला वाटलं, म्हणजे प्रत्येक जण दोनदा येईल.

शनिवारी सकाळी कोडं जाहीर व्हायचं होतं. तिनं आजोबांना एवढंच सांगितलं, "शनिवारी वाचनालयात माणसं येणार आहेत हां. सकाळीच उघडून ठेवा."

बस. इथेच घोटाळा झाला! कोकणातल्या माणसाला "पाहुणे येणार" असं सांगून वर निवांत कामाला निघून जायचं नसतं.

शुक्रवारी श्रेया कचेरीत असताना गंगुबाई कंबर कसून वाचनालयात आल्या. जाळ्या काढल्या, लादी घासली, पंख्याची पाती पुसली. मग कमरेवर हात ठेवून कपाटांकडे बघत राहिल्या.

"पावणे येतले आणि ही कपाटां अशी खंयची खंय? काय म्हणतले?"

खरंच होतं. मागे कधीतरी भिंतींना रंग दिला तेव्हा रंगाऱ्यांनी कपाटं जमेल तशी सरकवली होती. हर्णैच्या शेजारी मालवण, मालवणच्या शेजारी रत्नागिरी. तशीच ती राहिली होती, आणि श्रेयानं कोडं घातलं ते त्याच क्रमावर!

आजोबा म्हणाले, "बोट वेंगुर्ल्यासून सुटता. वेंगुर्ला दाराकडे होया. मगे मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, हर्णै. म्हाताऱ्यांनी तशीच लावलेली."

लगेच दहीहंडीच्या पथकातल्या पोरांना हाक गेली. ज्यांना ही खोली हवी होती तीच पोरं हसत आली आणि "गोविंदा रे!" करत फणसाची ती अवजड कपाटं उचलू लागली. मी पाटीमागून किंचाळत होते. "थांबा! हलवू नका! माझे आकडे!" पण डबीचं कोण ऐकतं? कपाटं सरकली. बंदरं अगदी बोटीच्या वाटेनं लागली. खोली इतकी सुरेख दिसू लागली की माझाही राग जरा निवला. आजोबांनी तर कोऱ्या टॉवेलनं खुर्च्या पुसल्या.

शनिवार उजाडला आणि माझी छाती धडधडू लागली. डबीला छाती असते का, विचारू नका.

नव्या डबीपाशी सगळ्यांत आधी पोचणं हा या खेळातला मोठा मान. त्यामुळे पहिली दोघं जवळजवळ पळतच आली. एक नूपुर, परळच्या इस्पितळात लोकांचे गुडघे सरळ करणारी. दुसरा यशोधन, गिरगावातला, चष्मा सारखा नाकावर ढकलणारा. दोघं मित्र, पण या खेळात एकमेकांचे वैरी. त्यांच्या मागोमाग आणखी पाच-सहा जण आले.

आजोबा दारातच उभे होते. "येवा, येवा! बसा. खुर्चेर बसा!"

कुणी बसलं नाही. सगळ्यांनी फोन काढले, कपाटांचे क्रमांक टिपले, "थँक यू हां काका!" म्हणाले आणि चालू लागले. सहाच्या सहा कपाटांतलं एकही उघडलं गेलं नाही. आजोबांनी पुढे केलेली खुर्ची त्यांच्या हातातच राहिली. मला फार वाईट वाटलं. माझ्याच शोधात आलेली माणसं होती ना ती.

त्यात ती चुकीच्या वाटेनं निघाली! माझ्या नाकासमोरून! मी ओरडतेय, "अरे यशोधन, इथे! तुझ्या कोपराशी!" आणि तो फोनकडे बघत म्हणतोय, "नूपुर, रे रोडच्या बाजूला दाखवतोय. चल, चालतच जाऊ, मी पहिला!"

"तू पहिला? बघू!" असं म्हणून तीही धावली.

बदललेल्या आकड्यांनी त्यांना थेट रे रोडच्या लाकडाच्या वखारींत नेऊन सोडलं. तिथे काय झालं ते नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. माणसं ओंडक्यांच्या ढिगांत हात घालत होती. एका वखारवाल्यानं विचारलं, "क्या ढूँढ रहा है भाई?" यशोधन म्हणाला, "डबा." त्यावर त्यानं सगळ्यांना चहा पाजला आणि प्रत्येकाकडे कीव आल्यासारखं बघितलं. मग वखारीतलं कुत्रं उठलं आणि मंडळी पांगली.

दुपारी कचेरीतून श्रेया धापा टाकत आली. फोनवर तक्रारींचा ढीग पडला होता. दारातच तिचे पाय थबकले.

"आजोबा! कपाटं कोणी हलवली?"

"मीच. पावणे येवचे होते ना!" आजोबा मोठ्या उत्साहानं म्हणाले. "बघ, आता बोटीच्या वाटेन लागली. बरी दिसतत?"

श्रेयानं कपाळाला हात लावला आणि त्यांना सगळं सांगितलं. कोडं, आकडे, रे रोड, कुत्रं. ऐकता ऐकता आजोबांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे सगळा फुकट गेला? सांग, परत फिरवतंय. पोरांक बोलवतंय."

श्रेया कपाटांच्या त्या ओळीकडे बघत राहिली. मग त्यांच्या शेजारी बसली. "नको. कपाटं हीच बरोबर आहेत. मी माझं कोडं बदलते."

"पण माणसां कपाटांचे आकडे बघूक इली गो. पुस्तकां बघूक नाय," आजोबा म्हणाले. ते एवढंच म्हणाले.  उद्याची सभा डोक्यावर होती आणि तिची युक्ती फसली होती.

संध्याकाळी दोन गोष्टी एकदम घडल्या. भिवा टेप घेऊन आले, व्यायामशाळेसाठी भिंतीचं माप काढायला. आणि रे रोडहून दमलेली, केसांत भुसा अडकलेली ती सगळी मंडळी जाब विचारायला परत आली.

"श्रेया, काय यार हे!" नूपुर दारातूनच ओरडली. "आम्ही अख्खी वखार पालथी घातली!"

पण आता त्यांचे पाय दुखत होते. आजोबांनी खुर्च्या पुढे केल्या आणि या वेळी ती माणसं धपाधप बसली. गंगुबाई कोकम सरबताचे पेले घेऊन आल्या. श्रेयानं माफी मागून चूक सांगितली. बोटीचं ऐकून नूपुरचा राग पळाला. "म्हणजे ही कपाटं बोटीच्या वाटेनं लावलीत? आजोबा, तुम्ही आलात बोटीनं?"

आजोबा सांगू लागले. देवगडला पडावातून बोटीवर कसं चढायचं, डेकवर कोण ओकायचं, भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर पहिल्यांदा मुंबईची ट्राम बघून ते गावच्या माणसाचा सदरा कसा धरून चालले. सगळे ऐकत होते. भिवा तेवढे टेप लावत फिरत होते.

यशोधननं देवगडचं कपाट उघडलं. त्यातून एक जाड कादंबरी काढली, पहिली पानं गेलेली. मध्येच गिरणीच्या सुताचा एक दोरा घातलेला होता. "आजोबा, ही कोणी अर्धी सोडली?"

आजोबांनी पुस्तक हातात घेतलं आणि दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी. संपात एकेक गावाक गेलो. एके सांजेक कोणच इलो नाय. तेवाच हो दोरो घातलंय."

"मग पुढचं तुम्ही नंतर वाचलं असेल ना?"

"एकट्यान कसा वाचतलंय? नियम आसा."

 चाळीसहून जास्त वर्षं लोटली होती, आणि या माणसाला त्या गोष्टीचा शेवट माहीत नव्हता! रोज त्या कपाटावरून फडकं फिरवायचा, आणि पुस्तक उघडून बघितलं नव्हतं! मला भरून आलं. झाकण उडेल असं वाटलं.

तेवढ्यात टेप सट्कन गुंडाळल्याचा आवाज झाला. भिवा वळले होते.

"काका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अध्यक्षांचा राहिला नव्हता. "ती तांडेलाची गोष्ट काय हो? वादळात होडी अडकते ती? दीपगृहातला दिवा विझतो, आणि त्याची बायको कंदील घेऊन पायऱ्या चढते?"

"तीच."

"मी बापाच्या मांडीवर बसून ऐकायचो. मग आम्ही गावाला गेलो." भिवा खुर्चीच्या कडेवर टेकले. "पुढं काय झालं काका? वाचला काय तो तांडेल?"

"माका ठावक नाय रे. तुमी कोण इलासच नाय."

 नूपुरनं पुस्तक हळूच उघडून आजोबांच्या पुढे धरलं. गंगुबाईंनी त्यांचा चष्मा पदरानं पुसून दिला. आजोबांनी दोरा बाजूला केला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

काय आवाज लागला म्हणून सांगू! अहो, हा म्हातारा पाणी मागताना कुजबुजतो, आणि वादळ वाचायला लागला तर जिन्यातली माणसं खाली आली! बायको पायऱ्या चढतेय, वारा कंदील विझवायला बघतोय, खाली खडकावर लाटा फुटताहेत. पथकातली पोरं दारात येऊन उभी राहिली. दोघं माझ्या खिडकीत लटकली, एकाचं कोपर थेट माझ्या झाकणावर! मला मुळीच लागलं नाही. बायको वरच्या पायरीवर पोचली, दाराला हात लावला, आणि दार आतून बंद!

आजोबांनी पटकन दोरा घातला. "उरलेला उद्या."

"ए, नाय हां काका! चीटिंग!" पोरं ओरडली. "आजोबा, प्लीज!" नूपुर म्हणाली. भिवा तर उठून उभेच राहिले. आजोबा बधले नाहीत. पूर्वीही ते असेच नेमक्या जागी थांबायचे म्हणे.

मग श्रेयानं कोड्यातले आकडे दुरुस्त केले. नूपुर आणि यशोधन पुन्हा एकदा वैरी होऊन बाहेर पळाले. बाण त्यांना गोल फिरवून परत खिडकीशी घेऊन आला. यशोधन वरती चाचपत होता आणि नूपुर वाकली. तिची बोटं पाटीच्या मागे आली, माझ्या अंगाला लागली, आणि चुंबक सुटलं. सापडले! मी सापडले! हा क्षण मी कसा सांगू तुम्हाला? कुणीतरी आपल्यासाठी इतकं हिंडावं, आणि सापडल्यावर एवढं मोठ्यानं हसावं! तिनं झाकण उघडलं आणि म्हणाली, "ई, हिंग!" तरी कागदावर पहिलं नाव तिनंच लिहिलं.

"अगो, ही तर माझी बटणांची डबी!" गंगुबाई आतून ओरडल्या.

रविवारी सभा भरली. मंडळाचे सभासद एरवी दहा यायचे, त्या दिवशी बसायला चटया मागवाव्या लागल्या. श्रेया माझ्याच खिडकीला टेकून उभी होती.  आजोबा नेहमीच्या खुर्चीत ताठ बसले होते, निकाल ऐकायला.

भिवा उठले. "विषय पहिला. वाचनालय बंद करून व्यायामशाळा..."

"आधी ते दार उघडा!" मागून एक पोरगा ओरडला.

"कसलं दार?"

"दीपगृहाचं!"

सगळे हसले. मग हसू थांबलं आणि सगळे आजोबांकडे बघू लागले. भिवांनीही बघितलं. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. "पुस्तक संपेपर्यंत सभा तहकूब. वाचा काका."

आजोबा वाचू लागले. आणि दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. पुस्तक जसजसं पातळ होऊ लागलं तसतसे ते सावकाश वाचू लागले. "पान उलटूक इतको वेळ?" असं गंगुबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, पण मी त्यांच्या मनातलं ओळखलं होतं. पुस्तक संपलं की सभा. सभा संपली की कपाटं जायची.

पण पुस्तक कितीही पुरवलं तरी एक दिवस संपतंच. परवा शेवटचं पान आलं.  आजोबांनी शेवटचं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं, आणि चाळीस वर्षं पुस्तकात असलेला तो सुताचा दोरा त्यांना आता कुठे ठेवावा कळेना. तांडेलाचं काय झालं ते मी सांगणार नाही हां. ते इथे येऊनच ऐकायचं.

कुणी उठलं नाही. भिवाच तेवढे उठले. श्रेयानं डोळे मिटून घेतले. भिवा सावकाश चालत दाराकडे गेले, वेंगुर्ल्याच्या कपाटापाशी थांबले, कडी काढली. आत बराच वेळ शोधून एक जाडजूड पुस्तक बाहेर काढलं, फुंकर मारली आणि आजोबांच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"काका, हे सगळ्यात जाड दिसलं," ते म्हणाले. "पोरं काय, सकाळी हितंच जोर मारतील. कपाटं भिंतीलाच आहेत, मधली जागा मोकळीच."

 आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पहिलं पान उघडलं.

तर अशी मी. माझ्या कागदाची पट्टी आता भरत आलीय. पोरांचे जोर, आजोबांचा आवाज आणि गंगुबाईंची कुरकुर, सगळं मला इथून ऐकू येतं. तुम्हीही या. फोन घेऊन या, कोडं सोडवा, मला शोधा, "ई, हिंग!" म्हणा, चालेल. पण संध्याकाळी आलात तर आधी आत जाऊन बसा. माझी मुळीच घाई नाही. आज नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण आहे, आणि पुढे काय होणार ते इथे कुणालाच माहीत नाही.